मामाचं नाव, गोल अक्षरात

तुम्हाला आता जे सांगणार आहे ते माझ्या बायकोला ठाऊक नाही. ज्या मालकांकडे मी नऊ वर्षं काढली त्यांनाही कधी कळलं नाही. ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं ते दोघं आता या जगात नाहीत — आणि एक तिसरी आहे, तिच्याकडं मी शेवटी येईन. उरलात तुम्ही. तुमची-माझी ओळख नाही हे एका परीनं बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ गेली वीस वर्षं वळलेली नाही.

एक मात्र आधीच सांगून टाकतो. मी कामाला कच्चा माणूस नाही. तसं समजून कुणी वाचायला बसला असेल तर तो चुकतोय. बोरीच्या बाजारात, पत्र्याच्या छपराखालच्या एका प्रेसमध्ये बसून मी मराठी अक्षरं जुळवणारी आख्खी यंत्रणा एकट्यानं लिहिली — आणि तीही अशा कॉम्प्युटरवर, जो आज भंगारवाला फुकट नेणार नाही. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, पुण्याची वाट सोडून गावाकडं परत आलो, लोकांनी वेड्यात काढलं. काढेनात का! तयार सॉफ्टवेअर विकत मिळत होतंच की. पण दुसऱ्यानं केलेली अक्षरं मला नको होती. माझी हवी होती, आणि मी ती केली. हे आजही छाती पुढं काढून सांगेन. अडचण तिथं नाहीच. अडचण पुढं आहे, आणि मी तिच्याकडं जरा सावकाश जाणार आहे. घाई केली तर अर्ध्यातच थांबेन — मी ओळखतो मला.

थोडं कामाचं सांगतो, कंटाळू नका. प्रिंटरला अक्षर कळत नाही, त्याला ठिपके कळतात. दारात रांगोळीचे ठिपके काढतात ना, तसेच. फक्त इतके बारीक आणि दाट, की डोळ्याला ठिपके न दिसता अक्षर दिसतं. आता बारा साइजच्या अक्षराचे ठिपके ताणले म्हणून चोवीसचं अक्षर होत नाही. ताणलं की कडेला करवतीसारखे दाते येतात. म्हणजे प्रत्येक साइजचे ठिपके वेगळे पाडायचे. प्रिंटर बदलला की पुन्हा वेगळे. त्यात आपले काने-मात्रे, आपली जोडाक्षरं — एकेका साइजला शेकड्यांनी आकृत्या. हे सगळं आधी कुणी करून ठेवायचं? मी म्हटलं, कुणीच नाही. यंत्र करील. मी फक्त अक्षराचं वळण लिहून ठेवणार — कुठून निघतं, कुठं जाड होतं, कुठं मिटतं. एखादा साइज मागितला की यंत्रणेनं फोल्डरात बघायचं. असला तर घ्यायचा. नसला तर वळणावरून ठिपके स्वतः पाडायचे, पुढच्या वेळेसाठी फोल्डरात ठेवायचे आणि छापायचं. पहिल्यांदा पाच-सात मिनिटं लागायची, नंतर लगेच. माणसाचा हात म्हणून कुठं लागायचा नाही. मालक गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचे, मागा, कोणता साइज मागता ते मागा! लोक मुद्दाम साडेसतरा मागायचे. मिळायचा.

आणि हे कौतुक आपल्याकडं कामाला कुठं येणार? लग्नपत्रिकेत. पत्रिका मी तारखेसाठी वाचतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. माणूस आधी आपलं नाव शोधतो — कुठं आहे, कुणाच्या खाली आहे, कुणापेक्षा बारीक आहे. शिशाचे खिळे जुळवून छापायचे त्या काळी बरं होतं. प्रेसमध्ये साइजच मुळी चार, सगळी भावकी एका मापात, रुसायचं तर कुणावर? माझ्या यंत्रणेनं ती सोय मोडली. थोरले चुलते अठरा, धाकटे सतरा, जावई साडेअठरा. कुणाला कितीचा मान द्यायचा हे लोक मला येऊन विचारायला लागले. मला मजा यायची. खोटं कशाला बोलू?

आता दोष सांगतो. तेव्हा बोरीला लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नव्हता, आणि प्रेसमधली बॅटरी म्हातारी झालेली. यंत्रणा ठिपके पाडत असताना लाइट गेली की फाइल अर्धीच लिहिली जायची, आणि ती अर्धीच फोल्डरात पडून राहायची. पुढच्या वेळी यंत्रणा बघायची — फाइल तर आहे. उघडायची, तर अपुरी. मग ती जागच्या जागी थांबायची, टीं करून ओरडायची आणि पडद्यावर लिहायची, हा साइज अर्धवट आहे. हे मीच तिला शिकवलं होतं, आणि बरोबर शिकवलं होतं.

एक दिवस परभणीचे दोन प्रेसवाले तिला बघायला आले. घ्यायच्या विचारात होते. आणि नेमकी त्यांच्यासमोर ती ओरडली. त्यातला एक हसला. "इंजिनिअर, तुमचं लेकरू रडायलंय की," म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चहा पिऊन, पुन्हा येतो म्हणून ते गेले. मी त्याच दुपारी बसलो आणि तिचं ओरडणं काढून टाकलं. त्या जागी नवं लिहिलं — अडलीस तर त्याच वळणाचा जो साइज पुरा सापडेल तो घे, आणि बोलू नकोस, पुढं जा. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मालकांना तर यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एक माणूस हसला, तेवढ्यावरून मी ते केलं.

महिनाभरानं सोपानराव आले.

बोरीजवळच्याच एका वस्तीवरचा हा माणूस. दिवाळी झाली की नवरा-बायको टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागता परत यायचे. त्यांची थोरली लेक संगीता. फडावर, पाचटाच्या झोपडीवजा कोपीत हिला वाढवायची नाही, असं दोघांनी ती लहान असतानाच ठरवलं होतं. म्हणून ती पहिलीपासून पोखर्णीला, मामाकडं. मामा म्हणजे भगवानराव — सोपानरावांच्या बायकोचा, गयाबाईंचा, थोरला भाऊ. नरसिंहाच्या देवळात पोथी वाचायचे, घरची शेती करायचे, बोलायचे मोजकंच. भाचीला त्यांनी शाळेत घातलं, बारावी होऊ दिलं, आणि देवगाव फाट्याचं स्थळही त्यांनीच पाहिलं. बापाच्या घरी ती पाहुणीसारखी यायची.

सोपानरावांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्यासमोर बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. तिथी नाही, मुहूर्त नाही, नवऱ्या मुलाचं नाव नाही — आधी हेच म्हणाले —

"साहेब, मामाचं नाव माझ्यापरीस मोठं पायजे. आमी लेकराला निस्ता जलम दिलाय. वाढवलं त्यांनी. पत्रिका बघितली की आंधळ्याला बी कळलं पायजे."

मी जुन्या पत्रिका नमुन्याला टाकल्या. त्यांनी एकीच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं लहान पोरांची ओळ होती, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं — ती असते ना प्रत्येक पत्रिकेत, तीच — माझ्या गोल वळणाच्या अक्षरात, नऊ साइजमध्ये. "हे अक्षर लय गोड दिसायलंय. ह्याच्यातच घ्या मामाला. पण मोठं." मी म्हटलं, चोवीस घेऊ. चोवीस म्हणजे केवढं, हे त्यांना कसं कळावं? त्यांनी अंगठ्याचं नख कागदावर टेकवलं. "येवढं," म्हणाले. मी पट्टी लावली, चोवीसच्या आसपासच भरलं.

गिऱ्हाईक जे सांगेल ते कागदावर उतरवून घ्यायचं, ही माझी शिस्त. तशी चिठ्ठी लिहिली आणि माझ्या खुर्चीमागच्या तारेच्या आकड्याला अडकवली. कच्ची प्रत साध्या प्रिंटरवर काढून दिली. सोपानरावांनी तिच्यावर नख ठेवून पाहिलं — मामाचं नाव नखाएवढं, त्यांचं स्वतःचं त्याच्या निम्मं. माणूस इतका हसला, की मलाही बरं वाटलं.

पक्की प्रत लेसरवर, ट्रेसिंग कागदावर काढायची असायची. प्रिंटर दुसरा, म्हणजे ठिपके पुन्हा नव्यानं. गोल वळणाचा चोवीस लेसरसाठी तोवर कुणी मागितलाच नव्हता. यंत्रणा पाडायला बसली आणि लाइट गेली. तासाभरानं आली. मी पुन्हा हुकूम दिला. या वेळी भर्रकन कागद बाहेर. पाच मिनिटांचं काम पाच सेकंदांत कसं झालं, ही शंका मला यायला हवी होती. नाही आली. तिथी पाहिली, मुहूर्त पाहिला, नवरा-नवरीची नावं पाहिली आणि कागद छपाईची प्लेट करायला परभणीला धाडून दिला.

इथवर जे झालं ती चूक. चूक कुणाच्याही हातून होते. मी चुकीबद्दल लिहायला बसलेलो नाही.

पत्रिका छापून झाल्या, वाळल्या. मी शंभर-शंभरचे गठ्ठे बांधत होतो. सोपानराव बाहेरच्या बाकावर एसटीची वाट बघत बसलेले. एक पत्रिका हातात उघडी पडली. मधोमध, दोन वेलींच्या मध्ये, मोठी मोकळी जागा — आणि त्या जागेत मामाचं नाव, नऊ साइजमध्ये. खाली पोरांची ओळ, वर मामा, दोघं एका मापात. लेसरसाठी गोल वळणाचा तेवढा एकच साइज पुरा होता. यंत्रणेनं तो घेतला होता आणि न बोलता पुढं गेली होती. ज्या माणसानं लेक वाढवली त्याला मी चिल्ल्यापिल्ल्यांच्या अक्षरात बसवलं होतं.

मला एका नजरेत सगळं कळलं. कसं झालं, का झालं, माझ्या कोणत्या ओळींनी झालं. दार ओलांडलं की सोपानराव. लग्नाला अजून अवकाश होता. नवी प्लेट, नवा कागद, फार तर दोन दिवसांचं काम. उठायचं आणि म्हणायचं — थांबा, मामाचं नाव बिघडलंय, माझ्यामुळं बिघडलंय. यात अवघड काय होतं? मी ती पत्रिका मिटली. गठ्ठ्यात घातली. वरून कागद गुंडाळला आणि सुतळी बांधली — चांगली घट्ट बांधली. परभणीचे प्रेसवाले त्याच आठवड्यात परत यायचे होते. कधी न अडणारी यंत्रणा अडते, आणि अडली की खोटं देते, हे मालकांना तरी कशाला कळायला हवं होतं? वाटलं, सोपानरावांना वाचता येत नाही. बाकीचे कशाला मोजत बसतील? असं मला वाटलं — मला, ज्यानं सगळ्या तालुक्याला नावं मोजायला शिकवलं!

सोपानराव गठ्ठे खांद्यावर टाकून घरी न जाता थेट पोखर्णीला गेले. पहिली पत्रिका नरसिंहाच्या पायाशी, दुसरी मामाच्या हातात — हळदीकुंकू लावून, घडी न मोडता. वाचता येत नाही त्यानं उघडून बघायचं तरी काय?

तिसऱ्या दिवशी भगवानराव प्रेसमध्ये आले. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. हातात ती पत्रिका होती, त्यावरून ओळखलं. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पत्रिका माझ्या टेबलावर उलगडली आणि नावाखाली बोट ठेवलं.

"हे दाजींनी असं सांगितलं, का तुमच्याकडून झालं? येवढंच इचारायला आलो. तुमच्याकडून झालं असंल तर विषय मिटला."

विषय मिटला — ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले! मला काही मागायचं नव्हतं, हात जोडायचे नव्हते. नुसतं हो म्हणायचं होतं. सोपानरावांची चिठ्ठी माझ्या पाठीमागं आकड्याला लटकत होती. हात मागं नेला असता तर बोटाला लागली असती. आणि मी म्हणालो —

"त्यांनी दिलं तसं छापलं."

झालं. हेच सांगायचं होतं. इतकी वर्षं हे चार शब्द मी आत ठेवलेत. भीती होती का? भगवानरावांची तर मुळीच नव्हती. सूडबुद्धी? त्या दोघांशी माझं काय वाकडं होतं? माझ्या यंत्रणेवर डाग पडू नये, एवढंच. त्यापायी मी एका सरळ माणसाला खोटा ठरवला, तेही त्याच्या मेहुण्यासमोर, त्याच्या पाठीमागं. आवाज जराही हलला नाही माझा. भगवानराव "बरं" म्हणाले. पत्रिका होती तशी घडी घालून खिशात ठेवली. मी चहा विचारला. नको म्हणाले, देवळात जायचंय.

ते गेल्यावर मी काय केलं असेल? यंत्रणेत तिचं ओरडणं परत घातलं. ती अर्धवट फाइल पुसली, गोल वळणाचा चोवीस नव्यानं पाडून घेतला, एकेक आकृती तपासली. दोष कुठं होता हे मला ठाऊक होतं की नव्हतं? हातच्या काकणाला आरसा कशाला! यंत्र त्या दिवसापासून खरं बोलायला लागलं. मी लागलो नाही.

आठवडाभरानं सोपानराव आले. घरी गेल्यावर पत्रिकेवर नख ठेवून पाहिलं होतं त्यांनी. तरी आवाज चढवला नाही.

"साहेब, मामाचं नाव बारीक आलंय. मशीनमदी काई झालं का?"

मशीनवर होतं कधी कधी, असं मी पुटपुटलो. म्हणजे बघा — त्यांना खरं सांगितलं, पण असं, की त्या खऱ्याचा कुणाला उपयोग होऊ नये. ते लगेच म्हणाले, "मग तेवढं पोखर्णीला तुमी सांगा. मी जाऊन आलो, माझं ऐकंनात. तुमी शिकलेले, तुमचं ऐकतील." मी म्हटलं, सांगतो. पोखर्णीला फोन होता. परभणीवरून एसटी होती. मी मिठाची गुळणी धरून बसलो. तिकडं भगवानरावांनी काय समजायचं? या माणसानं आधी माझं नाव बारीक करायला लावलं, आणि आता मशीनच्या नावानं खोटं बोलायला घरी आला. प्रेसवाल्याच्या तोंडून ऐकलंय मी. दुसरं काय समजणार?

लग्नाला मी गेलो. हो, गेलो — गयाबाईंनी प्रेसमध्ये येऊन अगत्याचं बोलावणं केलं होतं. मुहूर्ताची वेळ झाली तरी गयाबाई मांडवात नव्हत्या, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. पोखर्णीची जीप आली. मामी उतरल्या, पोरं उतरली, मामानं घेतलेली पिवळी साडी आली. मामा आले नाहीत. नवरीला मांडवात आणायचं मामानं, अंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभं राहायचं मामानं — कुणीतरी चुलतमामा शोधून आणला आणि उभा केला. मंगलाष्टकं चालू असताना संगीता दोनदा मागं वळून बघताना मला दिसली. बायका तिची मान पुढं करत होत्या. मी अक्षता टाकल्या.

मग सोपानरावांनी मला सगळ्यांसमोर पुढं बोलावलं. साहेबांनी पत्रिका लय देखणी केली, असं म्हणाले आणि मला टॉवेल-टोपी केली. मी वाकून टोपी घालून घेतली. पंगतीला बसलो. बुंदी आग्रहानं दुसऱ्यांदा वाढली, तीही खाल्ली.

यंत्रणा परभणीच्या प्रेसवाल्यांनी घेतली. पुढं आणखी दोघांनी घेतली. माझं नाव झालं. तिनं कधी चुकीचं दिलं नाही, असं जुने लोक आजही सांगतात, आणि ते खरं आहे. त्या एका पत्रिकेनंतर नाही दिलं. पहिल्या भाऊबीजेला गयाबाई ओवाळायला पोखर्णीला गेल्या. भाऊ मुद्दाम शेतात जाऊन बसला. मामींनी साडी-चोळी केली, जेवू घातलं. ताट नेलं तसं परत आलं. नंतर गयाबाई गेल्याच नाहीत. आणि सोपानराव? ते बाजारच्या दिवशी भेटेल त्याला सांगायचे — मी म्हणलो न्हवतो हो तसं, मशीननं बारीक केलं. लोकांना ती गंमत झाली. "मशीनला काय तुमच्या मेव्हण्याचा राग हाय व्हय?" असं कुणीतरी विचारायचं आणि सगळे हसायचे. प्रेसच्या दारातून मला ऐकू यायचं. ते मात्र माझ्याकडं बोट दाखवायचे नाहीत. समोर दिसलो की, रामराम साहेब. तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत तेच सांगत होते म्हणे.

या वीस वर्षांत मी पोखर्णीला चार-पाचदा तरी गेलो असेन. देवळावरून गेलो. एकदा भगवानराव पारावर बसलेले दिसले. मला कुणी अडवलं नव्हतं.

आता माझं परभणीला स्वतःचं दुकान आहे. गेल्या महिन्यात तिथं संगीता आली. चाळिशीची बाई, देवगाव फाट्याकडं अंगणवाडीत काम करते. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं — "भाऊ, माझी बी पत्रिका तुमीच केली होती." भगवानरावांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यस्मरणाची पत्रिका करायची होती, कीर्तन आणि महाप्रसाद. मामींनी तिलाच पाठवलं होतं. भाचीशी मामांनी कधी तोडलं नव्हतं. शेवटचे चार महिने ते तिच्याच घरी होते. हे ती मजकूर सांगता सांगता बोलत होती, आणि मी टाइप करत होतो.

"एक दिवस मला म्हणले, नाव बारीक झाल्याचं मला काई वाटलं न्हाई ग. तुझा बाप माझ्याशी खोटं बोलला, ते लागलं." मग म्हणाली, "भाऊ, बाबा खरंच म्हणले होते का हो तसं? मी दोघांच्या मदी ऱ्हायले जलमभर. मला अजून बी कळंना."

दुकानात आम्ही दोघंच होतो. तिच्या मामानं मला एकदा विचारलं होतं. आता ती विचारत होती. या वेळी माझी यंत्रणा विकायची नव्हती, मालक नव्हते, हसायला कुणी नव्हतं. गमावायचं म्हणून काहीही नव्हतं. आणि मी काय म्हणालो असेन?

"लय जुनं झालं, ताई. आठवत न्हाई."

"असू द्या," ती म्हणाली.

मामांचं नाव केवढं घेऊ, असं विचारलं. तिनं अंगठ्याचं नख कागदावर टेकवलं. "येवढं." कुठून आली असेल ही सवय तिला — मी विचारलं नाही. जुनी यंत्रणा मी अजून जपून ठेवली आहे, प्रेसमधल्या त्या कॉम्प्युटर आणि लेसर प्रिंटरसकट. ती उघडली. गोल वळण, चोवीस मागितला. भगवानराव प्रेसमधून परत गेले त्या दिवशी करून ठेवलेला साइज फोल्डरात होता, पुरा, तपासलेला. मधल्या काळात एकदाही कुणी मागितला नव्हता. कागद लगेच बाहेर आला. अक्षर सुरेख उतरलं होतं, एकाही कडेला दाता नाही. संगीतानं त्यावरून हात फिरवला. मामाला आवडलं असतं, म्हणाली, डोळे पुसले आणि गठ्ठा कधी न्यायला येऊ ते विचारून गेली. परवा येऊन घेऊन गेली. परवाही मी बोललो नाही.

सोपानरावांची चिठ्ठी मी फाडली नव्हती. टेबलाच्या खालच्या खणात आहे. कागद पिवळा पडलाय, आकड्याचं भोक फाटलंय, पण शाई वाचता येते — मामाचे नाव गोल अक्षरात, चोवीस. सर्वांत मोठे. वडिलांच्या नावाहून मोठे, असे सांगितले आहे. खाली सोपानरावांची सही नाही, अंगठाही नाही. अक्षर माझंच आहे.